जाळी पडलेला दगड

लाव्हा थिजताना त्याच्यातले वायूचे बुडबुडे बाहेर निसटण्याआधीच अडकले, की सच्छिद्र ज्वालामुखी खडक तयार होतो. राखाडी-पांढरा, हातात घेतला तर कापसासारखा हलका वाटणारा प्युमिस. विटकरी किंवा काळा, जड आणि खडबडीत स्कोरिया. आणि लाव्हाच्या प्रवाहाच्या माथ्यावर तयार होणारा सच्छिद्र बेसाल्ट हे त्याचे मुख्य प्रकार. ज्वालामुखीची राख साचून, दबून घट्ट झालेला टफ हा खडकही सच्छिद्रच असतो, पण त्याची छिद्रे वेगळ्या कारणाने तयार होतात. ती राखेच्या कणांमधल्या फटी असतात आणि कणांच्या आत बुडबुड्यांचे अवशेष असतात.

बुडबुडे येतात कुठून, हे पाहण्यासाठी जमिनीत खोल जावे लागते. तिथे शिलारसावर वरच्या खडकांचा प्रचंड दाब असतो. त्या दाबाखाली पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू शिलारसात विरघळून राहतात. सिलिका भरपूर असलेल्या शिलारसात सात-आठ किलोमीटर खोलीवर त्याच्या वजनाच्या पाच-सहा टक्के इतके पाणी मावते. शिलारस वर सरकू लागला की दाब उतरतो आणि विरघळलेले पाणी वाफेच्या रूपाने सुटे होऊ लागते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच इथे होते, पण हा द्रव आठशे-नऊशे अंश सेल्सिअस तापमानाचा आणि मधापेक्षा कितीतरी पटींनी चिकट असतो. त्यात फुगणाऱ्या बुडबुड्याला वर चढून फुटायला वेळच मिळत नाही. सगळा शिलारस फसफसून फेस होतो, फेसाचे तुकडे होऊन ते आकाशात उडतात आणि हवेत काही क्षणांतच थिजतात. थिजणे इतक्या घाईचे असते की स्फटिक तयार होत नाहीत. तयार होते ती काच. प्युमिस म्हणजे काचेचा गोठलेला फेस.

बेसाल्टचा शिलारस मात्र सिलिकेने गरीब, जास्त तापलेला आणि पातळ असतो. त्यातले बुडबुडे सहज वर येतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि बरेचसे निसटूनही जातात. जे अडकतात त्यांच्याभोवतीच्या भिंती जाड राहतात. अशा लाव्हाचे कारंजे उडाले आणि त्याचे गोळे थिजले तर स्कोरिया तयार होतो. हाच लाव्हा जमिनीवरून शांतपणे वाहत गेला, तर तव्यावरच्या आंबोळीसारखी गत होते. खालून निघालेले बुडबुडे वर चढत जातात, पण वरचा पापुद्रा आधीच थिजलेला असतो, म्हणून त्याच्याखाली ते दाटीने अडकतात. माथ्याला जाळी पडते, मधला भाग मात्र घट्ट राहतो. भारताच्या हद्दीत ताजा स्कोरिया पाहायचा तर अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटाकडे बोट दाखवावे लागते. देशातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी 1991 पासून पुन्हा पुन्हा उद्रेक करत आला आहे आणि त्याचा मधला शंकू मुख्यतः अशाच काळ्या बेसाल्टी स्कोरियाचा आणि राखेचा आहे.

खडकाच्या एकूण आकारमानात पोकळीचा वाटा किती, याला सच्छिद्रता म्हणतात. घट्ट बेसाल्टमध्ये ती बहुधा एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. प्युमिसमध्ये ती साठ ते नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे हातातल्या तुकड्याचा मोठा भाग निव्वळ हवा असतो. घट्ट बेसाल्टचा एक घन सेंटिमीटर सुमारे 2.9 ग्रॅम भरतो, प्युमिसचा अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. पण एवढ्या एका आकड्यावरून या खडकांचे वागणे कळत नाही. पोकळ्या किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, आणि जोडणाऱ्या वाटा किती रुंद आहेत, याने सगळा फरक पडतो. पाणी, हवा, उष्णता, वजन पेलण्याची ताकद या सगळ्यांचा उलगडा शेवटी इथेच होतो. म्हणून भूवैज्ञानिक सच्छिद्रतेबरोबर पार्यताही मोजतात. खडकातून द्रव किती सहज वाहून जातो, त्याचे ते माप.

हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीत कधी कधी रेटिक्युलाइट नावाचा विलक्षण खडक मिळतो. त्याची सच्छिद्रता पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जाते. जगातला सर्वांत हलका खडक म्हणून तो ओळखला जातो. तरीही तो पाण्यात टाकला की बुडतो. त्याच्या बुडबुड्यांच्या भिंती फुटून गेलेल्या असतात आणि काचेच्या काड्यांची नुसती जाळी उरलेली असते. पाणी एका बाजूने शिरते आणि सगळीकडे भरते. प्युमिस त्याच्यापेक्षा जड असूनही महिनोन्‌महिने तरंगतो.

प्युमिस का तरंगतो, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या पोकळ्याही बऱ्याचशा एकमेकींना जोडलेल्याच असतात, मग पाणी आत का भरत नाही? 2017 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी प्युमिसच्या आतली त्रिमिती चित्रे घेऊन याचा छडा लावला. पोकळ्यांना जोडणाऱ्या वाटा केसाहून बारीक असतात. पाणी त्यांत शिरते तेव्हा त्याच्या पृष्ठताणामुळे मागची हवा कोंडली जाते आणि तिला निसटायला जागा राहत नाही. ही कोंडलेली हवा पाण्यात विरघळत अत्यंत सावकाश बाहेर पडते, म्हणून लहान तुकडे आधी बुडतात आणि मोठे वर्षानुवर्षे पाण्यावर राहू शकतात. याच्या उलट, तापलेला प्युमिस समुद्रात पडला तर लगेच बुडू शकतो. त्याच्या पोकळ्या वाफेने भरतात, वाफ थंड होऊन आकसते आणि ती पोकळी पाण्याला आत खेचून घेते.

समुद्रातल्या उद्रेकानंतर या तरंगत्या दगडांचे अफाट तराफे तयार होतात. 26 आणि 27 ऑगस्ट 1883 रोजी क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हा सुमात्रा आणि जावा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत प्युमिसचा इतका जाड थर साचला की काही ठिकाणी जहाजांना वाट मिळेना. तोच दगड पुढे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागला. 2012 साली न्यूझीलंडच्या ईशान्येला हाव्र नावाचा समुद्रतळाचा ज्वालामुखी फुटला आणि शेकडो चौरस किलोमीटरचा तराफा पाण्यावर आला. उद्रेकाचा सुगावा लागला तो या तराफ्यामुळेच. ऑगस्ट 2021 मध्ये जपानच्या दक्षिणेला फुकुतोकू-ओकानोबा हा समुद्रबुड ज्वालामुखी फुटला आणि त्याचा प्युमिस दोन महिन्यांनी तेराशे किलोमीटर अंतरावरच्या ओकिनावाच्या बंदरांत भरला. मासेमारी बोटींची इंजिने थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढून घेतात. त्या नळ्यांत दगड अडकू लागले आणि बोटी किनाऱ्यालाच बांधून ठेवाव्या लागल्या. तराफे फक्त नुकसान करतात असे मात्र नाही. प्रत्येक तुकड्याच्या खाचाखोचांत शेवाळ, कवचधारी जीव आणि प्रवाळाची पिल्ले घर करतात आणि हजारो किलोमीटर प्रवास करून नव्या किनाऱ्याला लागतात. एखाद्या जातीला महासागर ओलांडण्याचा हा खरोखरीचा मार्ग आहे.

प्युमिस ठिसूळ असतो, बोटांनी त्याचा चुरा करता येतो. पण ज्या काचेचा तो बनलेला असतो तिची कठीणता मोहच्या मापावर साडेपाच-सहाच्या आसपास असते. घासण्याच्या कामाला हे दोन्ही गुण एकत्र लागतात. नुसता कठीण दगड घासून गुळगुळीत होतो आणि मग घसरू लागतो. प्युमिसची पातळ भिंत घासताना तुटते आणि तिच्या मागची नवी, धारदार कड पुढे येते, त्यामुळे त्याची धार जातच नाही. टाचांची मेलेली कातडी काढायला ज्या घरात धातूची वज्री असते तिथेही आता हा राखाडी दगड आला आहे, मात्र बाजारात मिळणाऱ्या अशा दगडांपैकी काही कारखान्यात काचेचा फेस करून बनवलेले असतात. दात साफ करून घेताना दंतवैद्य फिरत्या ब्रशला जो खरबरीत लेप लावतो, त्यात बारीक दळलेला प्युमिस असतो. मध्ययुगीन युरोपात कातड्याचे लिहिण्यासाठी चर्मपत्र करताना ते याच दगडाने घासून मऊ करत.

जीन्सच्या कापडाला जुनाट, विटका रंग आणण्यासाठी 1970 आणि 1980 च्या दशकांत कारखान्यांनी प्युमिसचा मोठा वापर केला. मोठ्या फिरत्या यंत्रात ओल्या जीन्सबरोबर दगड घालत. ते कापडावर आपटून वरच्या धाग्यांतला निळा रंग खरवडत. दगड रंग घालवणाऱ्या रसायनात भिजवून घातला, की पोकळ्यांतले रसायन हळूहळू बाहेर झिरपे आणि कापडावर ढगाळ पांढरे पट्टे उमटत. पण दगडाची भुकटी होऊन गाळ साचे, यंत्राचे पिंप झिजे, खिशांतून खडे काढावे लागत. कापडातले सेल्युलोज थोडेसे पचवणारी विकरे हाती आल्यावर बऱ्याच कारखान्यांनी दगडाचा वापर कमी केला.

घासण्याच्या या गुणाचा फार जुना वापर जात्यांत दिसतो. जर्मनीच्या आयफेल भागातल्या मायेन या गावचा सच्छिद्र बेसाल्ट हजारो वर्षे जात्यांसाठी खणला गेला. रोमन काळात आणि त्यानंतरही मायेनची जाती ऱ्हाईन नदीतून इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियापर्यंत जात. मेक्सिकोतला मिरच्या वाटायचा तीन पायांचा मोल्काखेते हाही सच्छिद्र बेसाल्टचाच. महाराष्ट्रातले जाते आणि पाटा-वरवंटा मात्र घट्ट काळ्या दगडाचे. त्या दगडाला अंगची जाळी नाही, म्हणून त्यावर छिन्नीने टाके पाडावे लागतात आणि ते झिजले की पुन्हा टाकी लावून घ्यावी लागते. मायेनच्या दगडात एक पोकळी झिजून सपाट झाली की खालची नवी पोकळी उघडते आणि तिची कड धान्य कापू लागते. टाकी तिथेही लावावी लागे, पण दगड स्वतःच अर्धे काम करी.

थांबलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. घट्ट बेसाल्टपेक्षा प्युमिसमधून उष्णता दहा-पंधरा पटींनी कमी वाहते, कारण तिला पातळ काचेच्या भिंतींतून वेडीवाकडी वाट काढावी लागते आणि मधल्या लहान पोकळ्यांत हवेला खेळता येत नाही. पोकळी फार मोठी असेल तर आत हवा फिरू लागते आणि हा फायदा कमी होतो. म्हणून मोठ्या छिद्रांचा स्कोरिया उष्णता अडवण्यात प्युमिसच्या मागे राहतो. तो भरपूर तापवला तरी वितळत नाही, ही त्याची वेगळी सोय. गॅसवरच्या भाजणीच्या शेगड्यांत ज्योतीवर पसरायला तो वापरतात. ऱ्हाईन नदीच्या काठी नोयवीडच्या परिसरात सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या लाखर झे उद्रेकाचा प्युमिस जाड थरांत पडला आहे. तो सिमेंटमध्ये मिसळून हलक्या, घर उबदार ठेवणाऱ्या विटा करण्याचा उद्योग तिथे एकोणिसाव्या शतकापासून चालला. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर दिसणारे सिपोरेक्सचे किंवा एएसी ब्लॉक हे याच कल्पनेचे कारखानी रूप आहे. चुना-सिमेंटच्या लगद्यात ॲल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, लगदा फुगतो आणि तो वाफेच्या भट्टीत दाबाखाली पक्का केला जातो. ज्वालामुखीने जे क्षणात केले, ते इथे काही तासांत होते.

सच्छिद्र दगडाची बांधकामातली सर्वांत थोर कामगिरी मात्र रोममध्ये आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 126 च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑनचा घुमट 43.3 मीटर व्यासाचा आहे आणि सळई न घातलेला काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही. बांधणाऱ्यांनी घुमट वर चढत गेला तसा काँक्रीटमधला दगड बदलत नेला. पायाशी जड ट्रॅव्हर्टाइन, मग टफ आणि विटांचे तुकडे, आणि माथ्याजवळ प्युमिस व हलका स्कोरिया. वरचे वजन घटले की खालच्या भिंतींवरचा रेटा घटतो. माथ्यावर तर त्यांनी दगडच ठेवला नाही. तिथे आकाशाला उघडे भोक आहे. आज संगणकावर ताण मोजणाऱ्या अभियंत्यालाही यात सुधारणा सुचवणे कठीण जाईल.

त्या काँक्रीटला बांधून ठेवणारा चुनाही साधा नव्हता. नेपल्सच्या उपसागराकाठी पोत्सुओली गावाजवळ मिळणारी ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. राख आणि दळलेला प्युमिस हे मुळात स्फटिक न झालेल्या सिलिका आणि ॲल्युमिनाची काच. स्फटिकात अणू नीट रांगेत बसलेले असल्याने ते सहजासहजी हलत नाहीत. काचेतले अणू विस्कळीत असतात, म्हणून ती चुन्याशी चटकन संयोग करून सिमेंटसारखे संयुग तयार करते. बुडबुड्यांमुळे भिंती पातळ आणि पृष्ठभाग अफाट असल्याने हा संयोग आणखी वेग घेतो. हेरोद राजाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सिझेरियाचे बंदर बांधले, तेव्हा नेपल्सकडची राख सुमारे दोन हजार किलोमीटर समुद्रातून आणली गेली. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या अशा रोमन काँक्रीटच्या छिद्रांत शतकानुशतके नवे स्फटिक वाढत राहिले आणि ते आणखी बळकट झाले. अशा राखेला पोत्सुओलीच्या नावावरून पोझोलाना म्हणतात. औष्णिक वीज केंद्रांची फ्लाय ॲश सिमेंटमध्ये मिसळतात ती याच गुणासाठी.

टफचे काम वेगळ्या प्रकारचे. तो कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ असतो, पण उघड्यावर राहिला की त्याचा पृष्ठभाग कडक होतो. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात लोकांनी टफमध्ये घरे, चर्च आणि कित्येक मजले खोल भूमिगत गावे कोरली. आर्मेनियातले येरेवान शहर गुलाबी टफमुळे गुलाबी दिसते. ईस्टर बेटावरचे मोआई पुतळे बहुतांश रानो राराकूच्या टफचे, आणि काहींच्या डोक्यावरचे लाल टोप दुसऱ्या खाणीतल्या लाल स्कोरियाचे.

शेती-बागकामात प्युमिस आणि स्कोरियाचा उपयोग पाण्याशी जोडलेला आहे. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, मोठ्या पोकळ्या आणि तुकड्यांमधली जागा जास्तीचे पाणी खाली सोडते. मुळांना ओल मिळते आणि हवाही, म्हणून निवडुंग, अडेनियम आणि बोन्सायच्या कुंड्यांत ते घालतात. ते कुजत नाहीत आणि दबून बसत नाहीत. कुंड्यांत दिसणारे परलाइटचे पांढरे दाणे प्युमिसचे दूरचे भाऊ. त्या ज्वालामुखी काचेत पाणी अजून कोंडलेले असते आणि भट्टीत तापवल्यावर ती लाहीसारखी फुलते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत लाव्हा दगडाच्या छिद्रांत जिवाणूंचा थर वाढतो. घाण पचवतात ते हे जिवाणू. दगड त्यांना फक्त भरपूर जागा देतो.

महाराष्ट्रात ताजा प्युमिस नाही. त्याचा चुरा मात्र आला आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ बोरी इथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण काचेच्या वाकड्या, तीन टोकांच्या कपच्या दिसतात. तीन बुडबुडे एकत्र येतात तिथली ती फुटलेली भिंत. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. ती त्याच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की आधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा सच्छिद्र खडक दख्खनच्या पठारात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बेसाल्टच्या लाव्हाचे थरावर थर साचले. राज्याच्या सुमारे ऐंशी टक्के भूभागाखाली तेच आहेत. प्रत्येक प्रवाहाचा माथा जाळीदार, मध्य घट्ट, आणि बऱ्याच ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर. सह्याद्रीच्या पायऱ्या पाहिल्या की हा फरक दुरूनही कळतो. घट्ट भागाचे उभे कडे तुटतात, सच्छिद्र भाग लवकर झिजतो आणि त्याचे उतार व सपाट्या होतात. गडांच्या माच्यांना जागा मिळाली ती बहुधा अशाच झिजलेल्या थरांवर.

या बेसाल्टच्या पोकळ्या मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. त्यांत झिरपलेल्या ऊन पाण्यातून खनिजे साचली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट खनिजे, त्यांच्या सोबतीला अपोफायलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि अकीक. अशा भरलेल्या पोकळ्यांच्या खडकाला कुहरी बेसाल्ट म्हणतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणून ओळखतात आणि काळ्या पाषाणापासून वेगळा काढतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत खडी फोडताना निघालेले कॅव्हन्साइटचे गर्द निळे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहेत.

पोकळ्या भरल्या, की खडकाचे वागणे उलटे होते. डोळ्यांना घट्ट दिसणारा काळा पाषाण थंड होताना आकसून उभ्या-आडव्या भेगांनी तडकलेला असतो आणि त्या भेगांतून पाणी वाहते. जाळीदार दिसणाऱ्या मांजऱ्यात भेगा फार कमी असतात आणि पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या असतात. तो कुजला, मुरूम झाला, तर त्यात पाणी मुरते आणि विहिरीला झरा लागतो. पण न कुजलेला मांजऱ्या पाणी फारसे सोडत नाही. म्हणूनच बोगदा त्यातून जात असेल तर पाण्याच्या गळतीची भीती कमी, आणि धरणाच्या पायासाठीही तो चालतो. त्याचे काही प्रकार मात्र हवा-पाण्याला उघडे पडले की लवकर ठिसूळ होऊन सुटू लागतात, त्यामुळे खोदकाम होताच त्यावर काँक्रीटचा थर चढवावा लागतो. खडी म्हणूनही तो घट्ट बेसाल्टच्या तोडीचा नाही, आणि खाणवाले तो बाजूला काढून टाकतात.